दोनशे वर्षांचा देवमासा, तीस वर्षांचा उंदीर आणि आपलं म्हातारपण

अंबाजोगाईकर

मंडळी, म्हातारपणाचा विषय निघाला की आपल्याकडं गुडघे, मोतीबिंदू आणि शुगर याच्यापुढं कुणी जात नाही. पण म्हातारपण मुळात येतंच का, आणि सगळ्या जीवांना सारख्याच वेगानं का येत नाही, यावर जगात फार मोठं काम चालू आहे. ते मराठीत नीट बोललं जात नाही म्हणून हा धागा. मी जीवशास्त्र शिकवतो, वर्गात सिलॅबस सोडून बाहेर जायला वेळ मिळत नाही, इथं निवांत बोलू.

बोहेड व्हेल नावाचा देवमासा आहे, उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात राहतो. २००७ साली अलास्कातल्या इनुपियाट लोकांनी एक मारला, त्यांना पिढीजात शिकारीचा हक्क आहे, आणि कापताना आत एक धातूचा तुकडा निघाला. तपासलं तर तो स्फोटक भाल्याचा तुकडा होता आणि त्या भाल्याचं पेटंट १८७९ चं. म्हणजे आपल्या पणजोबाच्या काळात कुणीतरी त्याला मारायला गेलं, तो वाचला आणि तो तुकडा अंगात घेऊन शंभरावर वर्षं पोहत राहिला. त्याआधी १९९९ मध्ये या माशांच्या डोळ्यातल्या भिंगावरून वय काढलं होतं, भिंगाच्या गाभ्यातलं प्रथिन जन्माआधी तयार होतं आणि नंतर बदलून नवीन येत नाही, त्यातल्या एका अमिनो ॲसिडचं रूप वर्षानुवर्षं हळूहळू पालटत जातं, ते मोजायचं. त्यात एका नराचं वय २११ च्या आसपास निघालं.

आता यात खरी गंमत काय आहे बघा. शरीर जितकं मोठं तितक्या पेशी जास्त, आणि जितक्या पेशी जास्त तितकी त्यातली एखादी बिघडून कॅन्सर व्हायची शक्यता जास्त. या हिशोबानं दोनशे वर्षांचा देवमासा कॅन्सरनं कधीच मरायला पाहिजे. पण तसं होत नाही. रिचर्ड पीटो या ब्रिटिश संशोधकानं १९७७ मध्ये हे कोडं मांडलं, म्हणून त्याला पीटोचा विरोधाभास म्हणतात. हत्तीनं हे कोडं एका पद्धतीनं सोडवलंय. पेशीचा डीएनए बिघडला तर तिला थांबवणारं किंवा सरळ मरायला लावणारं पी५३ नावाचं जनुक आहे, माणसाला त्याची एकच जोडी असते, हत्तीला तशा वीस जोड्या. हे २०१५ मध्ये कळलं. हत्ती बिघडलेली पेशी मारतो, तर बोहेड देवमासा तिला मारण्यापेक्षा दुरुस्त करतो. २०२५ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की त्याच्या पेशीत सीआयआरबीपी नावाचं प्रथिन भरपूर असतं आणि त्यामुळं तुटलेला डीएनए जास्त नीट जोडला जातो.

आणि मग तो नेकेड मोल रॅट. पूर्व आफ्रिकेत, केनिया इथिओपिया सोमालिया भागात जमिनीखाली बिळात राहतो, अंगावर केस नाहीत, वजन पस्तीस-चाळीस ग्रॅम. तेवढाच घरातला उंदीर तीन-चार वर्षांत संपतो आणि हा तीसच्या पुढं जातो. माणसात तिशीनंतर मरणाची शक्यता साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. रोशेल बफेनस्टीन यांनी तीन हजारांहून जास्त मोल रॅटची नोंद तपासून २०१८ मध्ये दाखवलं की यांच्यात वयाबरोबर ती शक्यता वाढतच नाही. मरतात, पण म्हातारे झाल्यामुळं मरतात असं म्हणता येत नाही.

असं का? निसर्गाचा हिशोब साधा आहे. ज्या प्राण्याला वर्षा-दोन वर्षांत घुबड नाहीतर साप खाणारच आहे, त्यानं शरीर पन्नास वर्षं टिकवायला अन्न खर्च करून फायदा काय. ज्या माळवदाखाली पुढचा पावसाळा काढायचाच नाही त्यावर कुणी पांढरी माती टाकत नाही. म्हणून उंदीर सगळं बळ पिल्लं काढण्यात घालतो. आणि ज्याला शत्रू कमी, म्हणजे खोल समुद्रात, बिळात, कवचाखाली किंवा आकाशात राहणारा, त्याच्यात शरीराची डागडुजी करणारे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकत जातात. स्टीव्हन ऑस्टॅड यांनी अमेरिकेत ओपॉसम या पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यावर हे प्रत्यक्ष पाहिलं, सापेलो नावाच्या बेटावर शिकारी प्राणी जवळजवळ नाहीत आणि तिथले ओपॉसम मुख्य भूमीवरच्यांपेक्षा सावकाश म्हातारे होतात. जात तीच, फक्त भीती कमी.

माझं म्हणणं असं की या प्राण्यांकडं आपण औषधाचा फॉर्म्युला मागायला जातो, पण ते आधी वेगळंच काही सांगतात. म्हातारपण हे ठरलेलं घड्याळ नाही, शरीरानं कशावर किती खर्च केला त्याचा तो परिणाम आहे. आणि काही जातींनी म्हातारी माणसं, म्हणजे म्हातारे जीव, मुद्दाम राखून ठेवलेत. त्याबद्दल तुम्ही लिहा, मी पण लिहीन.

हिंगोलीचा_गणेश

सर लई छान माहिती. पण आमच्याकडं योगाचे गुरुजी सांगतात की कासव मिनिटाला चारच श्वास घेतं म्हणून तीनशे वर्षं जगतं आणि कुत्रं धापा टाकतं म्हणून बारा-पंधरा वर्षात जातं. श्वास मोजून दिलेले असतात, जितके हळू वापराल तितकं जगाल. यात तथ्य आहे का? मला खरंच जाणून घ्यायचंय कारण मी रोज प्राणायाम करतो.

अंबाजोगाईकर

गणेशभाऊ, प्राणायाम चालू ठेवा, मन शांत होतं, बीपीला मदत होते. पण हा श्वासाचा हिशोब खरा नाही. गंमत म्हणजे युरोपातले शास्त्रज्ञ पण बराच काळ असंच मानत होते. मॅक्स रुबनर यांनी १९०८ मध्ये आणि मग रेमंड पर्ल यांनी १९२८ मध्ये मांडलं की जो जीव भराभर जाळतो तो लवकर संपतो. मोठ्या-छोट्या प्राण्यांची ढोबळ तुलना केली तर तसं दिसतं पण.

पण पक्षी बघा. कबूतर आणि उंदराच्या जातीतली मोठी घूस-उंदीर साधारण एकाच वजनाचे घ्या. कबुतराचं शरीर जास्त तापलेलं, हृदय जोरात, उडायला प्रचंड ताकद लागते, तरी कबूतर पस्तीस वर्षांपर्यंत जाऊ शकतं आणि प्रयोगशाळेतला मोठा उंदीर चार वर्षांत संपतो. लेसान अल्बट्रॉस जातीची विस्डम नावाची एक मादी आहे, तिच्या पायात १९५६ मध्ये कडं घातलं तेव्हाच ती अंडी घालण्याच्या वयाची होती, आणि २०२४ मध्ये तिनं परत अंडं घातलं. आयुष्यभर समुद्रावर उडतेय.

वेरूळची_वाट

पक्ष्यांचं नाव निघालं तर वटवाघळाचं पण निघू द्या. आमच्याकडं लेण्यांत, जुन्या किल्ल्यांत, पडक्या वाड्यांत वाघळं लटकलेली असतात, वास येतो म्हणून लोक जाळ करून हाकलतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण आयुष्याच्या बाबतीत हा प्राणी सगळ्यात मोठं आश्चर्य आहे असं मला वाटतं, देवमाशापेक्षाही.

सायबेरियात ब्रँट्स बॅट नावाचं एक वटवाघूळ पायात बिल्ला बांधून सोडलं होतं ते ४१ वर्षांनी परत जिवंत सापडलं. वजन सात ग्रॅम. म्हणजे आपल्या एक तोळ्यापेक्षा कमी! उडताना वाघळाचं हृदय मिनिटाला हजारपर्यंत ठोके घेतं, हिवाळ्यात मात्र ते अंग गार करून झोपतं. त्यामुळं श्वासाचा हिशोब तर इथं पूर्णच चुकतो.

पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकाला टेलोमिअर असतात, पेशी विभागत गेली की ती टोकं झिजत जातात, यावर काम करणाऱ्या तिघांना २००९ चं नोबेल मिळालं, एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक. २०१८ मध्ये वाघळांवर अभ्यास आला, त्यात मायोटिस या गटातल्या वाघळांची टोकं वयानुसार झिजताना दिसलीच नाहीत. आणि दुसरं, वाघळाच्या अंगात कितीतरी विषाणू असतात तरी ते आजारी पडत नाही, कारण त्याच्या शरीराची सूज आणणारी यंत्रणा उगाच भडकत नाही. माणसात पन्नाशीनंतर बारीक-बारीक सूज कायम अंगात राहते, हृदय, सांधे, शुगर, मेंदू सगळ्यांना ती पोखरते. मला वाटतं माणसानं शिकायचंच असेल तर ते इथं, भडकायचं कधी आणि शांत बसायचं कधी.

कंधारी_शेतकरी

आम्ही लाल कंधारी सांभाळणारे लोक. बैलाचं वय आम्ही दातावरून सांगतो, आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळला, म्हणजे दात पूर्ण आले. जुळल्यावर पुढं किती वर्षं ते नुसतं दात किती झिजला त्यावरून अंदाज, आणि बाजारात तिथंच फसवाफसवी होते. म्हणून विचारतो की ह्या कासवांचं अडीचशे वर्षं, माशाचं चारशे वर्षं हे कुणी कसं ठरवलं? आमच्या गावात अजून म्हणतात नाग शंभर वर्षांचा झाला की अंगावर केस येतात. ते खोटंय हे मला माहीताय पण मग हे खरं कशावरून?

अंबाजोगाईकर

कंधारीदादा, अख्ख्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात.

कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचं अल्डाब्रा कासव होतं, २००६ मध्ये गेलं. रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतलं होतं, अडीचशे वर्षांचं होतं असं सांगतात, पण कागद पक्का नाही. सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन नावाच्या कासवाचं तसं नाही. तो १८८२ मध्ये तिथं आणला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता, तेव्हाचा फोटो आहे, म्हणून त्याचा जन्म १८३२ च्या आसपासचा धरतात. हा अंदाज पण निदान खालून पक्का आहे.

ग्रीनलंड शार्कचं तर सगळंच सावकाश. वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. २०१६ मध्ये ज्युलियस नील्सन आणि सहकाऱ्यांनी २८ शार्कच्या डोळ्यांची भिंगं घेऊन त्यातला किरणोत्सारी कार्बन मोजला. १९५० च्या दशकात अणुचाचण्या झाल्या तेव्हा हवेत आणि समुद्रात हा कार्बन वाढला, त्यामुळं त्यानंतर जन्मलेले आणि आधी जन्मलेले ओळखू येतात. सगळ्यात मोठी मादी पाच मीटरची, तिचं वय ३९२ निघालं, पण पुढं मागं १२० वर्षांची सूट ठेवून. म्हणजे कमीत कमी २७२. आणि पिल्लं व्हायचं वयच यांचं साधारण दीडशे वर्षं! सगळ्यात खात्रीचं वय मात्र एका शिंपल्याचं, आइसलंडजवळ २००६ मध्ये काढलेला, त्याला पुढं मिंग नाव पडलं. झाडाच्या खोडासारख्या त्याच्या शिंपेवर वर्षाची रेघ पडते, त्या मोजल्या तर ५०७.

माणसाचं उलट आहे. आपल्या भागातल्या जुन्या लोकांना जन्मतारीख विचारा, रझाकाराच्या धामधुमीच्या आधी की नंतर, एवढंच सांगतात, आणि शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून लिहिलेला असतो. जगभर हेच आहे. सॉल न्यूमन या संशोधकानं दाखवलं की अमेरिकेत ज्या राज्यात जन्मनोंदणी नीट सुरू झाली तिथं एकशे दहा वर्षांच्या वरच्या लोकांची संख्या एकदम घसरली. म्हणून शंभरीच्या गावांचं रहस्य वगैरे व्हिडिओ येतात ना, त्यांच्याकडं जरा सावध बघा. कागदानं सिद्ध झालेलं सगळ्यात मोठं वय फ्रान्सच्या जान काल्मां यांचं, १२२ वर्षं, त्या १९९७ मध्ये वारल्या.

तेरणाकाठ

सर हे सगळं ठीक. पण दुरुस्ती करणारं जनुक सापडलं, तर ते आपल्यात टाका की. कशाला थांबायलेत? पैशावाले लोक तर अब्जावधी ओतायलेत यात. मला वाटतं आपल्या हयातीतच दीडशे वर्षं जगणारा माणूस दिसंल.

नांदेड_गोदाकाठ

मी बायोटेकला आहे, थोडं लिहितो.

टाकून बघितलंय दादा. मोल रॅटच्या अंगात हायल्युरोनिक ॲसिडचे लांबलचक रेणू असतात, त्याच्यामुळं त्याला कॅन्सर फार क्वचित होतो हे वेरा गोर्बुनोव्हा आणि आंद्रेई सेलुआनोव्ह यांच्या लॅबनं २०१३ मध्ये दाखवलं. मग त्यांनी ते रेणू बनवणारं जनुक साध्या उंदरात टाकलं. २०२३ मध्ये निकाल आला, उंदरांना कॅन्सर कमी, सूज कमी, आतडं चांगलं, पण मधलं आयुष्य, म्हणजे निम्मे उंदीर मरेपर्यंतचा काळ, वाढलं किती तर ४.४ टक्के. मोल रॅट उंदराच्या दहापट जगतो आणि त्याचं जनुक घेऊन उंदीर वाढला एवढासा. कारण एक जनुक म्हणजे मोल रॅट नाही. त्याच्यात शेकडो गोष्टी एकत्र जुळून आल्यात, लाखो वर्षांत.

मला स्वतःला ज्यानं सगळ्यात जास्त हलवलं तो केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटचा २०२२ चा अभ्यास. त्यांनी १६ सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या पेशी घेतल्या, उंदीर, कुत्रा, घोडा, जिराफ, वाघ, माणूस, मोल रॅट सगळे, आणि दर वर्षी डीएनएत किती चुका साठतात ते मोजलं. उंदरात वर्षाला ७९६, माणसात ४७. जिराफ एवढा उंच आणि मोल रॅट एवढुसा पण दोघांचा आकडा शंभराच्या आसपास, जवळपास सारखाच. आणि ज्याचं त्याचं आयुष्य संपेपर्यंत एकूण चुका जवळपास सारख्याच होतात, तीन हजार दोनशेच्या आगेमागे. उंदीर त्या तीन-चार वर्षांत करतो, आपण ऐंशी वर्षांत. याचा अर्थ चुकांमुळंच म्हातारपण येतं असं सिद्ध झालं नाही. पण सोळा वेगवेगळे प्राणी एवढ्या जवळपासच्या आकड्याला येऊन थांबतात हे उगाच होत नसणार.

आणि एक लक्षात घ्या, माणूस आधीच या यादीत वर आहे. दुरुस्तीच्या बाबतीत आपण उंदरापेक्षा खूपच पुढं आहोत, म्हणून उंदरावर जे औषध दणक्यात चालतं ते आपल्यावर तितकं चालेल असं धरून चालता येत नाही.

माजलगावची_लेक

मी स्टाफ नर्स आहे, बीड जिल्ह्यात. सर तुम्ही लिहिलंत ना की काही जातींनी म्हातारे जीव मुद्दाम राखून ठेवले, त्यावर मला बोलायचंय कारण मला हा मुद्दा कॅन्सर नि डीएनएपेक्षा मोठा वाटतो.

ऑर्का, ज्याला किलर व्हेल म्हणतात, त्यांच्या माद्यांची पिल्लं होणं चाळिशीच्या आसपास थांबतं पण त्या पुढं ऐंशी-नव्वद वर्षांपर्यंत जगतात. बहुतेक प्राण्यांत असं नसतं, पिल्लं होणं थांबलं की मरण जवळ आलेलं असतं. पाळी गेल्यावर दीर्घ आयुष्य असणाऱ्या मोजक्याच जाती आहेत, आपण आणि काही दातवाले देवमासे. कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कित्येक दशकं एकेक ऑर्का ओळखून नोंदी ठेवल्यात. त्यात दिसतं की ज्या वर्षी सामन मासे कमी असतात त्या वर्षी कळपाच्या पुढं म्हाताऱ्या माद्या असतात, कुठं काय मिळतं ते त्यांनाच माहीत. आई मेली तर तिशी ओलांडलेला मुलगा पुढच्या वर्षभरात मरण्याची शक्यता चौदा पट होते. आजी मेली तर नातवंडांचं मरण पण वाढतं. क्रिस्टन हॉक्स नावाच्या बाईंनी टांझानियातल्या हादझा लोकांत बघितलं, म्हाताऱ्या बायका दिवसभर कंद खणतात आणि लेकीच्या तान्ह्याच्या वरच्या पोराला खाऊ घालतात, त्यामुळं लेकीला दुसरं मूल लवकर होऊ शकतं. त्यावरून आजीमुळंच माणूस दीर्घायुषी झाला असा सिद्धांत मांडला.

मला हे वाचून नवल नाही वाटलं. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीचा कोयता, म्हणजे तोडणीला जाणारं जोडपं, बाहेर पडतो, मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको दोघं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर पाच-सहा महिने कोपीत राहतात. मागं गावात पोरांना कोण बघतं? आजी. तिच्यामुळं पोरगं शाळेत जातं, तिच्यामुळं लस टोचली जाते, तीच ताप आला की कडेवर घेऊन आमच्याकडं येते. ती नसंल तर पोरगं फडावर जातं आणि शाळा सुटते.

आणि दुसरी बाजू पण लिहिते. २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली होती, बीड जिल्ह्यात ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीत सुट्टी घेतली तर खाडा धरून पैसे कापतात, त्रास झाला की कुणीतरी सांगतं पिशवी काढून टाक मोकळी हो. बीजकोश पण काढले असतील तर बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते, नसतील काढले तरी बऱ्याचदा ती लवकर येते. मग तिशी-पस्तिशीतच हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका, अंगाचा भडका, झोप नाही. ऑर्काच्या आजीला निसर्गानं पुढची चाळीस वर्षं ताकदीची दिली. आमच्या बायकांचं म्हातारपण आम्ही वीस वर्षं अलीकडं ओढलं. ज्या कुणाला आयुष्य वाढवायचं संशोधन करायचंय त्यांनी जरूर करावं, पण मला विचाराल तर आमच्या भागात सुरुवात इथनं आहे.

तेरणाकाठ

ताई, वाचून गप्प झालो. माझी आत्या त्याच तेरा हजारात असणार. तिचं वय बावन्न आहे आणि दिसती सत्तरची. हाडांची तपासणी करायची म्हटलं तर कुठं होती ते सांगाल का?

माजलगावची_लेक

दादा, सरकारी मेडिकल कॉलेजात आर्थो ओपीडीला दाखवा, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगर जे जवळ पडंल ते. डेक्सा म्हणून हाडांची घनता मोजायची तपासणी असते, तिथं मशीन नसंल तर कुठं आहे ते ते सांगतील. ऑपरेशनचा जुना कागद असंल तर घेऊन जा, बीजकोश ठेवलेत की काढलेत हे त्यावर कळतं. तोपर्यंत व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम डॉक्टरला विचारूनच.

बालाघाट

दुष्काळाचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहितो.

टांझानियात तरंगिरे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९९३ मध्ये तिथं मोठा दुष्काळ पडला, नऊ महिन्यांत हत्तींच्या ८१ पिल्लांपैकी १६ मेली, एरवी वर्षाला शंभरात दोन जातात. काही कळप उद्यान सोडून बाहेर गेले, काही तिथंच राहिले. जे बाहेर गेले त्यांची पिल्लं जास्त वाचली. संशोधकांनी बघितलं की बाहेर जाणाऱ्या कळपांच्या म्होरक्या माद्या वयानं इतक्या मोठ्या होत्या की १९५८ ते ६१ चा आधीचा दुष्काळ त्यांनी लहानपणी पाहिलेला असणार. जो कळप थांबला त्याच्यातल्या जुन्या माद्या सत्तर-ऐंशीच्या दशकात हस्तिदंतासाठी मारल्या गेल्या होत्या. रस्ता माहीत असणारं कुणी उरलंच नव्हतं.

मी बालाघाटाच्या डोंगरातला. आमच्या घरी ७२ चा दुष्काळ पाहिलेले आबा आहेत. खडी फोडायची कामं, सुकडी, लाल मिलो, तरोट्याची भाजी हे सगळं ते सांगतात पण त्याच्यापेक्षा कामाचं म्हणजे कोणत्या आडाला ७२ मध्ये पाणी टिकलं, कोणत्या बारवेचा झरा कधीच आटला नाही, कुठं खणलं तर खडक लागतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली तेव्हा आमच्या वस्तीनं आबांनी दाखवलेली बुजलेली बारव उपसली. सगळं गाव भागलं नाही पण जनावरं जगली. म्हातारा हत्ती नि म्हातारा माणूस यांचा उपयोग दहा-वीस वर्षांत एकदाच होतो, पण त्या एकदाच्यासाठीच तो कळपाला लागतो असं मला वाटतं.

वेरूळची_वाट

केनियात अशाच अभ्यासात सिंहाच्या डरकाळीचे आवाज स्पीकरवर ऐकवले होते. नर सिंह आणि मादी सिंह यात फरक असतो, नर एकटा पण हत्तीचं पिल्लू पाडू शकतो. साठीच्या पुढच्या हत्तिणींना तो फरक बरोबर कळला, तरण्या म्होरक्यांना कमी कळला. २०११ चा अभ्यास आहे, कॅरेन मॅककॉम्ब यांचा.

हिंगोलीचा_गणेश

हे जबरदस्त आहे. मी धागा उघडला तेव्हा श्वास मोजायला आलो होतो, आता घरी जाऊन आज्जीला विचारतो आमच्या मळ्यातल्या विहिरीचं.

एक प्रश्न मात्र राहिला. कुत्र्यांत मोठ्या जाती लवकर मरतात आणि छोट्या जास्त जगतात असं ऐकलंय, पण सर म्हणायलेत मोठे प्राणी जास्त जगतात. हे उलटंसुलटं कसं?

पशुवैद्य_उदगीर

गणेश, दोन्ही बरोबर आहे. वेगवेगळ्या जातींची तुलना केली तर मोठा प्राणी जास्त जगतो, हत्ती उंदरापेक्षा. पण एकाच जातीत छोटा जास्त जगतो. ग्रेट डेन आठ-दहा वर्षांत संपतो, पॉमेरियनसारखं छोटं कुत्रं पंधरापर्यंत जातं. कारण माणसानं निवडून निवडून मोठी कुत्री तयार केली, त्यांच्यात आयजीएफ-१ नावाचं वाढीचं संप्रेरक जास्त असतं, शरीर भराभर वाढतं आणि भराभर झिजतं. उंदरातही हे संप्रेरक कमी केलं की आयुष्य वाढतं.

माणसात याचं एक उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात आहे, लॅरॉन सिंड्रोमचे लोक, उंची खूप कमी कारण वाढीचं संप्रेरक त्यांच्या शरीराला लागूच पडत नाही. २०११ मध्ये त्यांच्यावरचा मोठा अभ्यास आला, त्यात मधुमेह कुणालाच नाही आणि कॅन्सर जवळजवळ नाही. पण आयुष्य मात्र नातेवाइकांपेक्षा फार वाढलेलं दिसलं नाही, अपघात नि इतर कारणांनी माणसं जातात. म्हणजे एका रोगापासून वाचणं आणि जास्त जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिममध्ये ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं घेणारी पोरं आमच्या भागात पण दिसायलीत, त्यांनी हे जरूर वाचावं.

तेरणाकाठ

डॉक्टरसाहेब, कुत्र्यांचं आयुष्य वाढवायचं एक औषध चालू आहे म्हणे. रॅपामायसिन. माणसं पण ऑनलाइन मागवून घ्यायलीत असं दिसलं. त्याबद्दल सांगा.

पशुवैद्य_उदगीर

हो. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं औषध आहे, त्या बेटाचं मूळ नाव रापा नुई, म्हणून ते नाव. २००९ मध्ये उंदरांवर तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये एकदम प्रयोग झाला, वयस्कर उंदरांना दिलं तरी आयुष्य वाढलं, म्हणून एवढी चर्चा. पेशीला हे औषध असं भासवतं की अन्न कमी आहे, मग ती वाढ थांबवून आतला कचरा साफ करायला लागते. अमेरिकेत डॉग एजिंग प्रोजेक्टमध्ये घरच्या पाळीव कुत्र्यांवर त्याची चाचणी चालू आहे, आयुष्य वाढतं का, हृदय चांगलं राहतं का, हे त्यातून कळेल.

पण हे औषध आज माणसाला कशासाठी देतात ते समजून घ्या. किडनी बदलल्यावर शरीरानं ती नाकारू नये म्हणून, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायला. तोंडात फोड येतात, जखम लवकर भरत नाही, रक्तातली चरबी वाढते, साखर वाढू शकते. आपल्याकडं शुगरचे पेशंट घराघरात आहेत, शेतात पाय कापणं रोजचं आहे आणि टीबी पण आहेच. अशा माणसानं हे ऑनलाइन मागवून डॉक्टरला न सांगता घेतलं तर पायाची साधी जखम चिघळायला वेळ लागणार नाही. तुमच्या ओळखीत कुणी घेत असंल तर त्याला चालू गोळ्यांची यादी घेऊन फिजिशियनकडं पाठवा, आणि गोळी एकदम सुरू करणं किंवा बंद करणं त्यांच्यावर सोडा.